ध्वनिप्रदूषणविरोधी चळवळ आणि तक्रारदाराचे नाव : महाराष्ट्राची वाटचाल व औरंगाबाद शहर

प्रस्तावना

पर्यावरणाच्या इतिहासलेखनात जंगल, पाणी आणि हवा या विषयांना जे स्थान मिळाले ते ध्वनीला मिळालेले नाही. याचे एक कारण साधनांच्या स्वरूपात आहे. धुराचा थर भिंतीवर राहतो, दूषित नदीचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेता येते. आवाज मात्र थांबला की त्याचा पुरावाही नाहीसा होतो. मागे उरते ती केवळ कोणीतरी केलेली तक्रार. त्यामुळे ध्वनिप्रदूषणाचा इतिहास शोधू पाहणाऱ्यास अखेर तक्रारदाराचाच इतिहास शोधावा लागतो. तो कोण होता, त्याने कोणाकडे दाद मागितली, कोणते प्रमाण पुढे ठेवले आणि त्याबद्दल त्याला काय सोसावे लागले, हे प्रश्न डेसिबलच्या आकड्यांइतकेच महत्त्वाचे ठरतात.

प्रस्तुत निबंधात महाराष्ट्रातील ध्वनिप्रदूषणविरोधी चळवळीची वाटचाल या एका अंगाने तपासली आहे. या चळवळीचे खरे यश मर्यादा ठरवून घेण्यात नसून, आवाज सिद्ध करण्याचे ओझे त्रास सोसणाऱ्याच्या खांद्यावरून उतरवून शासनाच्या खांद्यावर ठेवण्यात आहे, आणि औरंगाबादसारख्या शहरात हे ओझे अद्याप पुरते उतरलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. त्यापूर्वीच्या घटनांच्या संदर्भात तत्कालीन नाव वापरले आहे.

‘शांतता’ या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ‘शांतता’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. सणासुदीच्या आधी पोलीस ठाण्यात ‘शांतता समिती’ची बैठक भरते, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ सलोखा किंवा सुव्यवस्था असा असतो. रुग्णालयाच्या भिंतीवर ‘शांतता क्षेत्र’ अशी पाटी लागते, तेव्हा त्याचा अर्थ आवाज नसणे असा असतो. आपल्याकडील प्रशासनाला पहिली शांतता फार पूर्वीपासून कळते. दुसरी कळण्यास विसावे शतक संपावे लागले. शांतता समितीच्या बैठकीत मिरवणुकीचा मार्ग ठरतो, वेळ ठरते, कोणत्या चौकात थांबायचे व कोणत्या चौकात थांबायचे नाही हेही ठरते. आवाज किती असावा, हा प्रश्न तेथे निघालाच तर सूचनांच्या यादीत अखेरीस येतो.

याची मुळे जुनी आहेत. मध्ययुगीन शहरात मोठा आवाज करणे हा सत्तेचा अधिकार होता. राजवाड्याच्या दारी ठरावीक प्रहरी नौबत झडे आणि ती ऐकू येणे म्हणजे सत्ता जागी असणे. औरंगाबादच्या दरवाजांपैकी एकाचे ‘नौबत दरवाजा’ हे नाव त्या व्यवस्थेची आठवण देते. ब्रिटिश काळात आवाजाचा प्रश्न निघाला तो मुख्यतः मशिदीवरून वाजतगाजत जाणाऱ्या मिरवणुकींच्या संदर्भात. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली, त्याच सुमारास पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले, आणि १८९४ मध्ये पुण्यात वाद्यांवरून चकमक उडाली. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या ३० व्या कलमानुसार सणासमारंभातील रस्त्यावरील वाद्यांचे नियमन करण्याचा अधिकार पोलिसांना होताच. परंतु या साऱ्या नियमनाचा हेतू दंगा टाळणे हा होता. वाद्यांमुळे कोणाची झोप मोडते की नाही, हा विचार त्यात नव्हता. निजामी राजवटीत तर सभा भरविण्यासच परवानगी लागे. त्या काळात निघालेली ‘गश्ती निशान ५३’ मराठवाड्यातील स्वातंत्र्यलढ्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. बोलणाऱ्याचा आवाज दाबणे हे तेथील राज्यकर्त्यांचे काम होते. ऐकणाऱ्याच्या कानांचे रक्षण ही कल्पनाच त्या राज्यव्यवस्थेत नव्हती.

स्वातंत्र्यानंतरच्या १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात मात्र एक लक्षणीय तरतूद आढळते. त्याच्या ३८ व्या कलमानुसार, ठाणे अंमलदाराच्या अहवालावरून किंवा अन्य मार्गाने मिळालेल्या माहितीवरून, परिसरात राहणाऱ्या व्यक्तींना त्रास होत असल्याची खात्री झाल्यास वाद्ये व आवाज बंद करण्याचा आदेश पोलीस प्रमुखास देता येतो. राज्यपुनर्रचनेनंतर यथावकाश हा कायदा मराठवाड्यासही लागू झाला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या कलमास नामनिर्देशित तक्रारदाराची आवश्यकता नाही. ठाण्यातील अंमलदाराने स्वतःच्या कानांनी ऐकून अहवाल दिला तरी पुरे. गेल्या सत्तर वर्षांत या कलमाचा जेवढा वापर व्हावयास हवा होता तेवढा झाला असता, तर पुढील न्यायालयीन लढ्यांपैकी बराचसा भाग अनावश्यक ठरला असता.

परदेशांतील पूर्वपीठिका

तक्रारदाराच्या दुर्दशेचे जुने व बोलके उदाहरण लंडनमधील आहे. गणकयंत्राची संकल्पना मांडणारे गणिती चार्ल्स बॅबेज रस्त्यावरील वाजंत्र्यांना इतके कंटाळले होते की, त्यांनी १८६४ च्या आपल्या आत्मचरित्रात या उपद्रवावर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने रस्त्यावरील वाद्यवादनासंबंधी कायदा केला. त्यानुसार गृहस्थाला वाजंत्र्यास दूर जाण्यास सांगता येई. परंतु त्याला अटक करावयाची झाल्यास तक्रारदाराने शिपायासोबत स्वतः ठाण्यावर जाऊन आरोपपत्रावर सही करणे आवश्यक होते. बॅबेज यांनी ते केले. परिणामी लोक त्यांच्या मागे हुर्यो करीत चालू लागले आणि शेजाऱ्यांपैकी काहींनी मुद्दाम त्यांच्या दाराशी वाद्ये वाजविली. कायदा त्यांच्या बाजूने होता, गल्ली नव्हती.

न्यूयॉर्कमधील ज्युलिया बार्नेट राइस यांनी निराळी वाट धरली. हडसन नदीतील बोटींच्या भोंग्यांनी रात्रीची झोप अशक्य केली होती. राइस यांनी स्वतःच्या त्रासाचे गाऱ्हाणे मांडण्याऐवजी कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून रात्रीच्या भोंग्यांची मोजणी करून घेतली. एका रात्रीत हजारोंच्या घरात भोंगे वाजतात असे दिसून आले. मग रुग्णालयांतील डॉक्टरांची निवेदने गोळा करण्यात आली. १९०६ मध्ये त्यांनी अनावश्यक आवाजाच्या प्रतिबंधासाठी संस्था स्थापन केली आणि पुढे रुग्णालयांभोवती शांतता क्षेत्रांची कल्पना त्या शहरात रुजली. जर्मनीत १९०८ मध्ये थिओडोर लेसिंग यांनी अशीच संस्था काढली. ती मात्र सुशिक्षितांच्या नाजूक कानांची चळवळ म्हणून हिणवली गेली आणि अल्पावधीत मावळली. राइस यांना मिळालेले यश व लेसिंग यांचे अपयश यांतील सर्वच फरक मोजणीने स्पष्ट होतो असे नाही. तथापि एकाची तक्रार व्यक्तीची राहिली आणि दुसरीची नोंद झाली, एवढे म्हणता येते.

मुंबई : न्यायालयाच्या दारात

महाराष्ट्रात या प्रश्नाची संघटित सुरुवात मुंबईत झाली. डॉ. यशवंत ओक यांनी सहकाऱ्यांसह १९८५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ध्वनिक्षेपकांच्या विरोधात जनहित याचिका दाखल केली. वैद्यकीय व्यवसायातील माणसाने हा प्रश्न हाती घेणे स्वाभाविक होते. बहिरेपणा, रक्तदाब, निद्रानाश हे त्यांच्या दृष्टीने तात्त्विक मुद्दे नव्हते. त्या वेळी ध्वनीला ‘प्रदूषण’ म्हणणारा स्पष्ट कायदाही नव्हता; १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यात ध्वनीचा समावेश झाला तो १९८७ च्या दुरुस्तीने. स्वतंत्र नियम येण्यास आणखी तेरा वर्षे लागली. दरम्यान महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने शाळाशाळांतून फटाकेमुक्त दिवाळीचा प्रचार चालविला. न्यायालयाबाहेरील लोकशिक्षणाचा तो महत्त्वाचा प्रयत्न होय, कारण त्यात मुलांनी कोणाविरुद्ध तक्रार करावयाची नव्हती, स्वतःपुरता निश्चय करावयाचा होता.

पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम अधिसूचित झाले. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५ व ५५, औद्योगिक क्षेत्रात ७५ व ७०, तर शांतता क्षेत्रात ५० व ४० अशा मर्यादा ठरल्या. रात्र म्हणजे दहा ते सहा. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून धरण्यात आला. दोन वर्षांतच, २००२ मध्ये, सणांच्या निमित्ताने वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. आता दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांत या दिवसांची यादी जाहीर होते आणि कोणत्या उत्सवाला किती दिवस आले याची मोजदाद मंडळे काळजीपूर्वक करतात.

१८ जुलै २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय हा या इतिहासातील सर्वपरिचित टप्पा आहे. सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी आणि न्या. अशोक भान यांच्यापुढील या प्रकरणाच्या मुळाशी एक करुण घटना होती. अत्याचारास बळी पडलेल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या हाका ध्वनिक्षेपकांच्या गोंगाटात कोणाला ऐकू गेल्या नव्हत्या. एका अभियंत्याने १९९८ मध्ये त्यावरून याचिका केली. आविष्कारस्वातंत्र्यात दुसऱ्याला सक्तीने ऐकविण्याचा अधिकार येत नाही आणि शांतपणे जगणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, ही भूमिका या निर्णयाने दृढ केली. पंधरा दिवसांची सवलत मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने वैध ठरविली.

मुंबईत सुमैरा अब्दुलअली यांनी २००३ पासून शांतता क्षेत्रांसाठी न्यायालयीन पाठपुरावा केला आणि २००६ मध्ये ‘आवाज फाउंडेशन’ ही संस्था काढली. त्यांच्या कार्यपद्धतीतील महत्त्वाची बाब म्हणजे हातातील ध्वनिमापक. विसर्जनाच्या रात्री, दिवाळीत, राजकीय मेळाव्यांत प्रत्यक्ष जाऊन त्यांनी नोंदी घेतल्या आणि त्या दरवर्षी प्रसिद्ध केल्या. सर्व पक्षांच्या व सर्व धर्मांच्या कार्यक्रमांना एकच मोजपट्टी लावल्याने त्या आकड्यांना वजन आले. राइस यांनी जे मोजणीने केले तेच येथे यंत्राने झाले. पुढे मुंबईत एक हजारांहून अधिक शांतता क्षेत्रे घोषित झाली. ती कितपत शांत आहेत हा भाग वेगळा.

दहा डेसिबलची अट

२००० च्या नियमांतील सातवा नियम सामान्य वाचकाच्या नजरेतून सहसा सुटतो. त्यानुसार नागरिकाला तक्रार करता येते ती आवाज विहित मर्यादेपेक्षा दहा डेसिबल किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा. डेसिबलची मोजणी घातांकी पद्धतीची असल्याने दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेत दहापट वाढ होय. म्हणजे मर्यादा ओलांडली गेली एवढे पुरेसे नाही. ती दहापटीने ओलांडली गेली असावी लागते. शिवाय ती तेवढी ओलांडली गेली हे घरात बसलेल्या माणसाने कशाच्या आधारे सांगावे? त्याच्याजवळ यंत्र नसते. यंत्र ज्या कार्यालयात असते तेथून ते आणेपर्यंत वरात पुढच्या चौकात गेलेली असते. २०१० च्या दुरुस्तीने रात्रीच्या निर्बंधांच्या कोणत्याही उल्लंघनाबद्दल तक्रार करता येऊ लागली, ही सुधारणा खरी. पण दिवसाची अट कायम राहिली.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट २०१६ मधील मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय वाचला पाहिजे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर व अन्य याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात न्या. अभय ओक आणि न्या. ए. ए. सय्यद यांनी दिलेला हा निर्णय राज्यातील सर्व महापालिकांना लागू होता. ध्वनिक्षेपकाचा वापर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग असल्याचा दावा करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. त्याहून अधिक परिणामकारक होते ते व्यावहारिक आदेश : पोलिसांना ध्वनिमापक यंत्रे पुरवावीत, शहरांचे ध्वनिनकाशे तयार करावेत, तक्रारींची यंत्रणा उभारावी. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने राज्यातील महापालिका शहरांच्या ध्वनिनकाशांचे काम हाती घेतले. मोजण्याची जबाबदारी प्रथमच शासनाकडे सरकली.

वर्षभरातच चक्र उलटे फिरले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने नियमांत दुरुस्ती केली आणि राज्य शासनाने घोषित केल्याशिवाय कोणताही परिसर शांतता क्षेत्र ठरणार नाही, अशी तरतूद केली. उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये, विसर्जनाच्या तोंडावर, त्या स्थगितीलाच स्थगिती दिली. २०१८ च्या गणेशोत्सवात ध्वनियंत्रणा व्यावसायिकांच्या संघटनेने डीजेवरील बंदीविरुद्ध मागितलेला अंतरिम दिलासा उच्च न्यायालयाने नाकारला. या व्यावसायिकांच्या बाजूकडे चळवळीने फारसे लक्ष दिलेले नाही, असे येथे नमूद करावेसे वाटते. कोल्हापूर-साताऱ्याकडे ज्याला ‘डॉल्बी’ म्हणतात आणि आपल्याकडे ‘डीजे’, त्या यंत्रणेसाठी गावोगावच्या तरुणांनी कर्जे काढलेली आहेत. आणि त्याच यंत्रणेने हलगी, संबळ, सनई वाजविणाऱ्यांचे पोट त्यापूर्वीच हिरावले आहे.

२३ जानेवारी २०२५ रोजी न्या. अजय गडकरी व न्या. श्याम चांडक यांनी मुंबईतील नेहरूनगर-चुनाभट्टी परिसरातील रहिवासी संघांच्या याचिकेवर दिलेल्या निर्णयात तक्रारदाराचा प्रश्न अखेर सरळ हाताळला गेला. पोलिसांनी तक्रारदाराची ओळख विचारीत न बसता कारवाई करावी आणि ओळख कळली तरी ती संबंधितांना सांगू नये, असे न्यायालयाने बजावले. प्रथम समज, मग दंड, त्यानंतर यंत्रणेची जप्ती अशा चढत्या पायऱ्याही सुचविण्यात आल्या. बॅबेज यांना ज्या सहीने छळले ती सही आपल्याकडे अनावश्यक ठरण्यास एकशे साठ वर्षे लागली.

औरंगाबाद

औरंगाबादचा प्रश्न मुंबईपेक्षा निराळा आहे, आणि तो केवळ आकाराने नव्हे. राजाबाजारातील संस्थान गणपतीपासून निघणारी विसर्जन मिरवणूक शहागंज, सिटी चौक, गुलमंडी या जुन्या शहराच्या अरुंद रस्त्यांवरून जाते. दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परतणारा आवाज मोकळ्या मैदानातील आवाजापेक्षा कितीतरी अधिक भासतो. जयंती, उरूस, वराती, राजकीय मिरवणुका, सर्वांचे मार्ग हेच. उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ पासून या शहरात आहे, आणि त्याची इमारत शहरातील सर्वाधिक वर्दळीच्या जालना रस्त्यावर आहे. ध्वनिमर्यादेचे आदेश ज्या न्यायालयातून निघतात त्याच्या फाटकासमोर कर्णे अखंड वाजत असतात.

तथापि मुख्य अडचण वस्तीच्या रचनेत आहे. भिन्न धर्मांच्या व जातींच्या वस्त्या येथे एकमेकींना लागून आहेत आणि मागील दंगलींची स्मृती ताजी आहे. अशा ठिकाणी ‘आवाज फार आहे’ असे म्हणणाऱ्यास ‘कोणाचा आवाज?’ हा प्रश्न आधी विचारला जातो. उत्तर कोणतेही असो, तक्रार त्या क्षणी ध्वनीविषयी राहत नाही. १ मे २०२२ रोजी मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर राज ठाकरे यांची सभा झाली. मशिदींवरील भोंग्यांबाबत त्यांनी एप्रिलमधील गुढीपाडव्याच्या मुंबईतील सभेपासून घेतलेली भूमिका येथे मुदतीच्या इशाऱ्यासह पुन्हा मांडली गेली. पुढे या सभेसंदर्भात सिटी चौक पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदविला गेला. त्या काही आठवड्यांत राज्यभर ध्वनिक्षेपकांची जेवढी चर्चा झाली तेवढी पूर्वीच्या वीस वर्षांत झाली नसेल. परंतु ती चर्चा कोणाचा भोंगा राहावा व कोणाचा उतरावा याची होती. रुग्णाची झोप, दहावीच्या विद्यार्थ्याचा अभ्यास, तान्ह्या मुलाचे दचकून उठणे हे मुद्दे तीत बुडाले. पहिल्या अर्थाच्या शांततेने दुसऱ्या अर्थाच्या शांततेला पुन्हा एकदा मागे सारले.

एक साधा अनुभव येथे सांगितल्यास अस्थानी होऊ नये. काही वर्षांपूर्वी परीक्षेच्या दिवसांत आमच्या वसाहतीत रात्री अकरानंतरही डीजे चालू होता. प्रस्तुत लेखकाने पोलिसांना दूरध्वनी केला. नाव आणि पत्ता विचारला गेला, तो दिला. वीस मिनिटांत गाडी आली आणि आवाज बंद झाला, याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणावयास निघालो असता मंडळातील दोन तरुण भेटले. त्यांपैकी एक माझा माजी विद्यार्थी. अत्यंत नम्रपणे तो म्हणाला, “सर, आम्हालाच सांगितलं असतं तर लगेच बंद केलं असतं.” त्यात धमकी नव्हती, राग तर नव्हताच. तरी त्यानंतर दूरध्वनी करण्यास माझा हात पुन्हा उचलला गेला नाही, हे मान्य केले पाहिजे. माझ्याऐवजी दुसऱ्या धर्माचा किंवा दुसऱ्या जातीचा भाडेकरू असता तर ते दोघे इतक्याच नम्रपणे बोलले असते का, हा विचार आजही मनातून जात नाही.

म्हणूनच या शहरात तक्रारीवर उभी असलेली यंत्रणा पुरेशी नाही. १९५१ च्या कायद्यातील ‘अन्य मार्गाने मिळालेली माहिती’ हे शब्द येथे उपयोगी पडतात. ती माहिती माणसाऐवजी यंत्राने दिली तर तिला नाव नसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ मध्ये सतत ध्वनिमापन करणाऱ्या केंद्रांचे राष्ट्रीय जाळे सुरू केले. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूरु, हैदराबाद आणि लखनौ या सात शहरांत मिळून त्याची सत्तर केंद्रे उभी राहिली. आपले शहर त्या सातांत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी सुचविलेली रस्त्यावरील वाहतुकीची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, म्हणजे आकड्याने आपल्या निवासी क्षेत्राएवढीच आहे. नियमात आपण मागे नाही, मोजण्यात आहोत.

हे काम महाविद्यालयांना करता येण्याजोगे आहे. पदार्थविज्ञान विभागाजवळ ध्वनिमापक असतो किंवा अल्प खर्चात घेता येतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी प्रत्येक ठिकाणी आहेतच. घाटी रुग्णालयाचे फाटक, खंडपीठासमोरील रस्ता, गुलमंडी, औरंगपुरा आणि स्वतःच्या महाविद्यालयाचे प्रवेशद्वार अशा पाच ठिकाणी वर्षभर, सणाच्या आणि साध्या दोन्ही दिवसांत, ठरलेल्या वेळी नोंदी घ्याव्यात. यंत्र प्रमाणित करून घेतलेले असावे, जमिनीपासूनची उंची व रस्त्यापासूनचे अंतर दर वेळी तेच ठेवावे, आणि प्रत्येक नोंद किमान पंधरा मिनिटांच्या सरासरीची असावी. नोंदवहीत ठिकाण, तारीख, वेळ, सरासरी व कमाल डेसिबल आणि नोंद घेणाऱ्या विद्यार्थ्याचा केवळ क्रमांक, एवढे रकाने पुरेत. आवाज कोणाचा होता, यासाठी रकाना ठेवू नये. वर्षाअखेरीस ती वही महापालिका, पोलीस आयुक्त आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना एकाच दिवशी सादर करावी.